मायनसमधलं धरण

मे-जूनमध्ये सोलापुरात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर. आधी प्रश्न : ‘उजनी कितीवर?’

‘मायनस 60.’ समोरचा नुसती मान हलवतो. उणे संख्या गणिताच्या मास्तरांना जमली नाही, ती सोलापूरकरांना उजनीनं शिकवली.

2024 च्या जूनमध्ये उजनी धरण खरंच उणे 60 च्या घरात होतं. शून्याखाली धरण जातं कसं? उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं जवळपास 64 मृतसाठा. टक्केवारी मोजायची ती वरच्या 53 ची. ते संपलं की शून्य. पुढे मढ्याच्या टाळूवरचं लोणी.

गंमत अशी की उणे 60 ला उजनीत 31 टीएमसीच्या आसपास पाणी शिल्लक होतं. पुण्याची तहान भागवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं तुडुंब भरली, तरी वापरण्याजोगं पाणी 29!

पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.

मोजण्यात आपण कुणाला हार जात नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये. सोलापूरकर तर स्वतःच्या आभाळाकडे बघतच नाही, दौंडहून उजनीत येणारा विसर्ग विचारतो. पाऊस पुण्याच्या डोंगरात पडला की याचं धरण भरतं. 2024 मध्ये तेच झालं. जूनचं मायनस धरण ऑगस्टमध्ये काठोकाठ.

मग जलपूजन. नारळ, साडीचोळी, फोटो.

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची टक्केवारी बंद.

येणाऱ्या पाण्याचा रोजचा आकडा, जाणाऱ्या पाण्याची कुजबूज. सोलापूर शहराला प्यायला म्हणून उजनीतून भीमेत पाणी सोडलं जायचं. ते शंभरावर किलोमीटर वाहत औज बंधाऱ्यात पोचायचं. वाटेत दोन्ही काठांनी मोटारी. त्या मोटारींना मीटर पाहिलाय कुणी?

ऊस मात्र सगळ्यांनी पाहिलाय.

हिशेब जुळला नाही तर बाष्पीभवन आहेच. ऊन कधी खुलासा मागायला येत नाही.

तेव्हा यंदा ‘उजनी शंभर टक्के’ असा मथळा आला की पान उलटू नका. कालवा सल्लागार समितीची बैठक होईल, आवर्तनाची तारीख ठरेल. त्या दिवशी आपल्या आमदारांना गाठा आणि दोनच आकडे मागा. गेल्या आवर्तनात धरणातून किती सोडलं? टोकाला किती पोचलं?