वाघाच्या गावचे मामा

पांढरकवड्याचे आमचे मामा कुठल्याही गावी गेले की आधी तिथलं जंगल विचारतात आणि मग त्या जंगलाला नावं ठेवतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत, असं त्यांना कुणीतरी अभिमानानं सांगितलं, तर म्हणाले, “बिबट? थे तं चिल्लर झाली.” मामा एसटीत कंडक्टर होते. मोठी नोट कोणती आणि चिल्लर कोणती, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नाही. मोठी नोट एकच, टिपेश्वरचा वाघ.

पांढरकवड्याच्या केळापूर तालुक्यात असा माणूस घरटी एक सापडतो. टिपेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, १४८ चौरस किलोमीटरचं, ताडोबापुढे धाकटंच. पण मामांसमोर ताडोबाचं नाव काढायची सोय नाही. “तिथं वाघ पाह्याले बुकिंग लागते. आमच्याइकडं थोच येते भेटाले.” बुकिंग टिपेश्वरलाही लागतं, पण मामा सुन्ना गेटातून आत कधी गेलेलेच नाहीत. पैसे देऊन वाघ पाहणं म्हणजे त्यांना आपल्याच घरात तिकीट काढून शिरणं वाटतं. त्यांना वाघ दिसला तो पाटणबोरीच्या रात्रीच्या फेरीत, गाडीच्या उजेडात रस्ता ओलांडताना. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, मामांनी सवयीनं घंटी मारली, वाघ गेला. त्या वाघाची लांबी दर दिवाळीला वीतभर वाढते.

२०१९ साली टिपेश्वरचा एक गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ घर सोडून निघाला आणि तेलंगणात डोकावून, नांदेड-हिंगोलीकडून थेट बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. १३०० किलोमीटरच्या वर चाल झाली. त्याचं नाव ‘वॉकर’ पडलं. मामा त्याला ‘आमचा पोट्टा’ म्हणतात आणि पोरगं अमेरिकेला गेल्यावर बापाच्या आवाजात जो एक भाव येतो, त्या भावात सांगतात, “दुसऱ्या राज्यात जाऊन आला गड्या. ना परमिट, ना तिकीट, ना कोनाच्या बापाले भेला.” आयुष्यभर विनातिकीट प्रवाशांच्या मागे लागलेल्या माणसानं दिलेली ही एकमेव माफी.

एवढं बोलणारे मामा एका वाघिणीबद्दल मात्र बोलत नाहीत. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांचे बळी जिच्या नावावर लागले, ती टी-१, म्हणजे अवनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये बोराटीजवळ गोळी घालून मारली गेली. ऐन कापूस वेचणीचे दिवस होते. मुंबई-दिल्लीत लोक तिच्या बाजूनं हळहळत होते. कुणी या विषयावर मामांचं मत विचारलं की ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेतात, आणि तो बराच वेळ घोटत राहतात.

तर हे मामा सेवाग्राम एक्सप्रेसनं ठाण्याला उतरून माझ्याकडे ऐरोलीला आले. मी म्हटलं, आमच्याकडेही जंगल आहे, चला. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य. २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२ पासून रामसर यादीतलं. मामांनी आकार विचारला. १६९० हेक्टर. मनातल्या मनात भागाकार झाला. “म्हंजे टिपेश्वरच्या नवव्या हिश्शाचं. अर्धं तिकीट!” आणि ते तयार झाले.

ऐरोलीच्या केंद्रातून होडी सुटते ती भरतीच्या वेळेवर. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती, म्हणून आधी लाकडी पुलावरून कांदळवनात शिरलो. मामांनी खाली पाहिलं. चिखलातून तिवरांची श्वासमुळं हजारोंनी वर आलेली. “पऱ्हाटी कापून धसकटं ठेवली वाटते,” मामा म्हणाले. “वखरवाही केली नाई?” केंद्रानं सोबत दिलेला पोरगा कोळीवाड्यातला, वयानं लहान पण सोशिक. त्यानं सांगितलं, काका, चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. आणि पाण्यातलं जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. मामांनी लगेच एक पान वाकवून जिभेला लावलं. पानावर खरंच मिठाची पांढुरकी साय होती. “हाव बाप्पा, खारट हाये. ज्वारीच्या भाकरीसंगं चालन.”

चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. फुगीर डोळे वर, पुढचे पर हातासारखे टेकवून एक निवटी मुळावर चढली आणि मामांकडे बघत बसली. बराच वेळ दोघंही हलले नाहीत. शेवटी मामांनीच माघार घेतली. “मासोळी असून बाहीर काहून बसून रायली थे?” पोरगा म्हणाला, तिला जमतं ते. मग मामांनी जो प्रश्न सकाळपासून दाबून धरला होता तो विचारला, “पन इथं खानारं काय हाये? मानसाले?” पोरगा म्हणाला, कोल्हे आहेत, सोनेरी. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझ्याबद्दल, माझ्या नोकरीबद्दल आणि एकूणच मुंबईबद्दल कणव होती. जंगलात शिरताना मानेवरचा केस उभा राहिला नाही तर मामांच्या लेखी ती बाग.

पाणी चढू लागलं तशी होडी निघाली. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पुढच्या उथळ पाण्यात, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळत होते. खाण्यातल्या शेवाळामुळे आणि बारीक जिवांमुळे त्यांना गुलाबी रंग येतो, हे ऐकून मामा म्हणाले, “खान्यानं रंग येते? मंग खर्रा खाऊन आमचा अर्धा जिल्हा लाल व्हाले पाह्यजे होता.” होडीतली सगळी हसली. मामा हसले नाहीत. ते घड्याळ पाहत होते.

“परतीची गाडी किती वाजता?”

पोरगा म्हणाला, पाणी उतरायच्या आत. उद्या होडी आजच्यापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा सुटेल, परवा आणखी पन्नास. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्यामुळे भरतीही.

मामा ताठ बसले. “रोज पन्नास मिन्टं लेट?”

“रोज.”

“कोनी मेमो नाई देत?”

“समुद्राला कोण देणार, काका?”

“अन् दिवसातून फेऱ्या किती?”

“दोन. मध्ये साडेबारा तासांच्या आसपास.”

आयुष्यभर ज्यांच्या गाड्या कधी वीस मिनिटं, कधी दोन तास उशिरा आल्या आणि प्रत्येक वेळी शिव्या फक्त कंडक्टरनं खाल्ल्या, त्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर उमटला. लेट, पण रोज सारखाच लेट! मामांनी खिशातून डायरी काढली, मांडीवर ठेवली आणि वेबिल भरावं तसे उभे-आडवे रकाने आखून भरतीच्या वेळा मांडायला घेतल्या. पुढच्या फ्लेमिंगोंकडे त्यांनी पाहिलं नाही. पंधरवड्याच्या फेऱ्या लागल्यावर डायरी पोरग्यापुढे धरली, “पाह्य, बरोबर हाये का?” तो म्हणाला, अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, उधाण म्हणतात. मामांनी त्या तारखांपुढे ‘जादा गाडी’ असं लिहिलं.

आता ते पांढरकवड्याहून फोन करतात. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट, “आज तुमची खाडी दोन-चाळीसले भरली असन नं?” मी खिडकीतून पाहतो. दहा-पंधरा मिनिटांचा फरक असला तर ते तो माझ्या घड्याळावर ढकलतात.

परवा मामेभावानं सांगितलं, स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मुंबईची एक सहल बसली होती. सकाळची सफारी झाली, वाघ दिसला नाही, म्हणून तोंडं उतरलेली. मामा शेजारच्या बाकावर होते. कुणी विचारलं नसताना म्हणाले, “वाघाचं काही सांगता येत नाई भाऊ, थो विनंती-थांबा हाये. तुमी असं करा, ऐरोलीले जा. तिथलं जंगल टायमावर येते.”