भांडी घासणाऱ्याची पाककृती

खिमा, कांदा, टोमॅटो आणि कोपरात वाकवलेल्या हातासारखी दिसणारी मॅकरोनी, सगळं एका भांड्यात. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत याला गुलाश म्हणतात. तेच न्यू इंग्लंडात गेलं की त्याची अमेरिकन चॉप सुई होते, आणि ओहायोत वर चीज पसरून ओव्हनमध्ये सरकवलं की जॉनी मार्झेट्टी. एकदा हंगेरियन, एकदा चिनी, एकदा इटालियन. इतकी नावं बदलून हिंडणाऱ्या माणसाला आपल्याकडे कुणी खोली भाड्याने देणार नाही.

हंगेरीचा गुलाश म्हणजे गुराख्यांचं जेवण. उघड्यावर टांगलेल्या हंड्यात चरबीवर परतलेला कांदा, गोमांसाचे मोठे तुकडे, सढळ हाताने पाप्रिका आणि पातळ रस्सा. त्यात खिमा नाही, मॅकरोनी तर नाहीच. तिकडच्या माणसाने अमेरिकन गुलाश पाहिला तर तो बहुधा आधी टोपी काढील आणि मग डोकं धरील. पण त्यालाही फार बोलायला जागा नाही. पाप्रिका जिच्यापासून होते ती मिरची मुळात अमेरिका खंडातून युरोपात गेलेली. आणि हंगेरियन बायका स्वतःच गुलाशात पिठाच्या गोळ्याचे चिमटून काढलेले तुकडे सोडतात, त्यांना चिपेत्के म्हणतात. म्हणजे रश्श्यात पीठ शिजवण्याची खोड दोन्हीकडे आहे.

इटालियन मात्र खरोखरच रागावू शकतात. बोलोन्या शहरात रग्गूची, म्हणजे तिथल्या खिम्याच्या सॉसची कृती १९८२ साली व्यापारी मंडळाकडे रीतसर नोंदवून ठेवली आहे. पास्ता उकळायचा तर शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी, हा तिकडचा रिवाज. अमेरिकन गुलाशची अशी नोंद कुठे असेल तर ती कुणाच्या तरी सासूबाईंच्या डोक्यात, आणि प्रत्येक सासूबाईंची वेगळी.

माझी मुलगी आणि जावई ओहायोत राहतात, आणि हा पदार्थ जावयाच्या खात्यात आहे. त्या घरात स्वयंपाक जो करील त्यानेच भांडी घासायची असा करार आहे. डिशवॉशर आहे, पण मोठं जड पातेलं त्यात मावत नाही. हे कळल्यावर मला पदार्थाचा उगम उमगला. एका भांड्यातला स्वयंपाक खवय्याच्या डोक्यातून निघालेला नाही. पास्त्याला एक पातेलं, सॉसला एक, वर चाळणी, वाढायला वाडगा, ही उतरंड रोज रात्री ज्याच्या समोर आली, त्याने हा शोध लावला. सोवळ्याओवळ्याच्या काळात भांड्यांची संख्या हे घराच्या प्रतिष्ठेचं माप होतं, कारण घासणारं माणूस वेगळं असे.

अमेरिकेतल्या एका कंपनीने ही नस बरोबर पकडली. जनरल मिल्सने १९७१ साली हॅम्बर्गर हेल्पर बाजारात आणलं: खोक्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पूड, आपण फक्त पौंडभर खिमा आणि पाणी घालायचं, सगळं एका पॅनमध्ये. मांस तेव्हा महाग होत चाललं होतं. १९७३ मध्ये तर गृहिणींनी मांस खरेदीवर बहिष्कार टाकला. मूठभर मॅकरोनीने खिमा फुगवून घरभर पुरवायचा, हे गणित त्या दिवसांत कुणालाही पटण्यासारखं होतं. त्या खोक्यावर पुढे चार बोटांचा हसरा पांढरा हातमोजा आला. मदतीचा हात म्हणे. भांडं घासताना तो मला अजून दिसलेला नाही.

जावई खोकं आणत नाही. बीफही आणत नाही. टर्कीचा खिमा आणतो. टर्की हा स्वभावाने कोरडा पक्षी, त्यामुळे तेल जरा जास्त लागतं. खिमा गरम भांड्यात पसरायचा आणि हात बांधून उभं राहायचं. माझ्यासारखीला हे फार अवघड. सारखा ढवळला तर तो पाणी सोडतो आणि त्यातच करडा होऊन उकडतो. बुडाला लागू दिला तर तपकिरी होतो, आणि सगळी चव त्या तपकिरीत असते. मग कांदा, ढोबळी मिरची, लसूण, पाप्रिका. (पाप्रिका म्हणजे तिखट नसलेलं लाल तिखट. तिच्या मागोमाग कुणाला न सांगता चमचाभर काळा मसाला पडतो.) टोमॅटोचा डबा ओतला की बुडाला चिकटलेलं सुटून येतं. मग कोरडी मॅकरोनी, ती जेमतेम बुडेल एवढं पाणी, आणि झाकण.

"आई, झाकण सारखं उघडू नका हं," तो म्हणतो. मी उघडते.

आत जे चाललेलं असतं ते पाहण्यासारखं असतं. एरवी पास्ता उकळलेलं पिठूळ पाणी आपण सिंकमध्ये ओतून देतो. इथे ते जाणार कुठे? मॅकरोनीचं पीठ रश्श्यातच उतरतं आणि रस्सा आपोआप दाट होतो. वरणफळं करणाऱ्या बाईला हे समजवावं लागत नाही. कणकेच्या फळांनी वरण कसं धरून येतं ते तिने पाहिलेलं असतं. फक्त मधून एकदा तळाशी डाव फिरवायला हवा, आणि मॅकरोनी किंचित कच्ची असतानाच गॅस बंद करायचा. उरलेली ती पानात येईपर्यंत शिजते. दुसऱ्या दिवशी मात्र फ्रिजमध्ये पाहावं तर तिने सगळा रस्सा पिऊन टाकलेला असतो आणि स्वतः सुजून बसलेली असते. काही लोकांना ती तशीच आवडते. मी त्यांच्यातली नाही.

जेवणं झाली की वाद पातेल्यावरून होतो. जावयाचं म्हणणं, लगेच गरम पाणी घालून ठेवलं की दोन मिनिटांत घासून होतं. माझं म्हणणं, "अहो थांबा, आधी खरवड काढू द्या." त्या खरवडीवर नातू आणि मी असे दोन हक्कदार आहोत. तो लहान म्हणून वाटा त्याला मोठा, आणि पातेल्यापाशी मी आधी पोचते म्हणून खरपूस कडा माझ्या.