गिटारीचा हेडी

खिलार बैल घ्यायला कुणी एकटा जात नाही. यात्रा पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची असो नाहीतर खरसुंडीच्या सिद्धनाथाची, बरोबर एक जाणता लागतो. तो बैलाचा जबडा उघडून दात मोजतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून परत आणतो, आणि मग रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून भाव करतो. रुमालाखाली हजारांची घासाघीस चाललेली असते आणि रुमालावर पाऊसपाण्याच्या गप्पा. या धंद्यात मुरलेल्या माणसाला आमच्याकडे हेडी म्हणतात.

बेस गिटारीलाही हेडी असतो. सातारा ते सांगली या पट्ट्यात जिथे जिथे एखादा ऑर्केस्ट्रा धुगधुगी धरून आहे, तिथे असा एक गृहस्थ असतोच. गावागणिक नाव बदलतं. आमच्याकडच्याला आपण बापू म्हणू.

बापूंचा पोटापाण्याचा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. दुकानात पुढे शेतकऱ्यांच्या जळलेल्या पाणबुडी मोटारी आणि मागे, तांब्याच्या तारेच्या रिळांआड, विक्रीला आलेल्या दोन-तीन गिटारी. मोटारवाल्या गिऱ्हाइकाला बापू ‘उद्या या’ म्हणतात. गिटारवाल्याला ‘बसा’ म्हणतात, आणि चहा सांगतात. घर चालतं ते मोटारींवर, ही बाब त्यांच्या ध्यानात आणून द्यायची हिंमत फक्त वहिनींना होते.

बापू स्वतः काय वाजवतात? चार सूर. हातात चारशेची गिटार असो की चाळीस हजारांची, तेच चार सूर, त्याच क्रमाने. पाचवा सूर मी पंधरा वर्षांत ऐकलेला नाही. ‘बैल पारखणाऱ्यानं नांगर धरलाच पाहिजे असं कुठाय?’ हे त्यांचं यावरचं उत्तर. आणि कुठलीच गिटार त्यांच्याकडे महिन्याच्या वर टिकत नाही. आली, चार सूर वाजले, गेली.

त्यांची पारख मात्र बघण्यासारखी असते. गिटार हातात आली की आधी वास घेतात. मग बंदूक धरावी तशी दांडी डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटतात. दांडीला बाक किती, ते बघायची त्यांची रीत ठरलेली आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर डाव्या हाताने आणि शेवटच्या पडद्यावर उजव्या हाताने दाबायची, आणि सातव्या पडद्यापाशी तारेखालून कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड सरकवायचं. जेमतेम सरकलं तर दांडी सरळ. दोन कार्डं गेली तर दांडीतला लोखंडी गज आवळायला हवा. कार्ड शिरलंच नाही तर तार पडद्यावर आपटून खुळखुळणार. हात दोन आणि कामं तीन, म्हणून कार्ड सरकवायला मी. कार्ड नेहमी एका पतसंस्थेच्या चेअरमनचं असतं. ‘कुठं तरी उपयोगी पडू दे बिचारा,’ म्हणतात.

मग पडदे. तारांनी पडद्यांवर किती खाचा पाडल्यात त्यावरून बापू वय सांगतात, तेही बैलाच्याच भाषेत. कमी वाजलेली ती ‘दोन दाती’, कामाला जुंपलेली ‘चार दाती’, आणि पडदे सपाट झालेली ‘जुळलेली’. एकदा एका इंजिनिअरिंगच्या पोराने ‘सर, गिटार एकदम मिंट कंडिशनमध्ये आहे’ असं सांगितलं. बापूंनी नखाने पडदा चाचपला आणि म्हणाले, ‘बाळा, सहा दाती आहे. वडलांना विचार.’

ब्रँडच्या बाबतीत त्यांचं ज्ञान पुराणिकाच्या तोडीचं. लिओ फेंडर यांनी 1951 साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणला, त्याआधी बिचारे वादक माणसाएवढा डबल बेस टेम्पोत घालून हिंडायचे, ही कथा ते सत्यनारायणाच्या अध्यायासारखी सांगतात. त्या बेसच्या मोकळ्या तारेची लांबी 34 इंच ठरली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे. गिब्सन अमेरिकेची, गिव्हसन कोलकात्याची. ‘अक्षर एक बदललं की किमतीतलं शून्य उडतं, मास्तर. वाचताना चष्मा लावत जा.’ पॉल मॅकार्टनी यांचा 1972 साली चोरीला गेलेला हॉफनर बेस पन्नासेक वर्षांनी सापडला, ही बातमी 2024 मध्ये आली तेव्हा बापू दिवसभर बेचैन होते. मालकाला गिटार मिळाल्याचा आनंद होताच. पण पन्नास वर्षांत तो किती हात फिरला असेल आणि त्यातला एकही व्यवहार आपल्यामार्फत झाला नाही, हे त्यांना लागलं होतं.

अँप्लिफायरच्या बाबतीत बापू जरा कडक होतात, कारण तिथे त्यांचा वीजधंदा आड येतो. एके काळी बाजारात म्युझिक सिस्टिमवर हजारो वॉट पी.एम.पी.ओ. लिहिलेले चकचकीत स्टिकर असायचे. बापू ते स्टिकर नखाने खरवडत म्हणायचे, ‘एवढे वॉट खरंच असते तर ह्याच्यावर विहिरीची मोटार चालली असती. आर.एम.एस. किती ते बोला.’ बेसला साध्या गिटारीपेक्षा जास्त वॉट का लागतात, हेही त्यांच्याकडूनच ऐकावं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा हलते. एवढ्या संथ हालचालीने मांडवाच्या टोकापर्यंत हवा ढकलायची, तर स्पीकरचा पडदा मोठा हवा आणि मागे ताकद हवी. साध्या गिटारीच्या अँपवर बेस जोराने वाजवला की त्याच्या स्पीकरचा कोन आधी फडफडतो, मग फाटतो. ‘शेळीला नांगराला जुंपलं की दुसरं काय व्हायचं?’

जुना अँप बघायला जाताना बापूंच्या खिशात टेस्टर, शर्टाच्या वरच्या खिशात काड्यापेटी. विडीकाडीचं व्यसन नाही. ज्या घरात प्लग बसत नाही तिथे वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून काडीने दाबायला ती लागते. अँप लावला की ते कान देऊन त्याची घरघर ऐकतात. मग तारांवर हात ठेवतात. हात ठेवल्यावर घरघर कमी झाली की मान हलवून निदान करतात, ‘अँपला काही झालेलं नाही. तुमच्या घराला अर्थिंग नाही.’ विकणारा खजील होतो, आणि खजील माणूस हजार रुपये कमी करतो. गावच्या जत्रेत जनरेटरवर कार्यक्रम असला की हेच निदान गायकाच्या ओठाला माईक लागल्यावर होतं. ते सगळ्या गावाला ऐकू येतं.

भावाचं त्यांचं पंचांग वेगळं आहे. ‘श्रावणात विकावं, पितृपक्षात घ्यावं.’ श्रावणात प्रत्येक मंडळाला गणपतीचे कार्यक्रम दिसत असतात, म्हणून भाव चढा. अनंत चतुर्दशी उलटली की देणी उभी राहतात, आणि पितृपक्षात नवी वस्तू घ्यायला कुणी धजत नाही, म्हणून पडत्या भावात माल मिळतो. ‘पण अशुभ ना बापू?’ असं विचारलं तर म्हणतात, ‘नवी वस्तू घेऊ नये म्हणतात. आपण जुनीच घेतो.’

माझी गिटार विकली गेली ती अशाच एका श्रावणात. काळी, कुठलंच नाव नसलेली, प्रिसिजनच्या वळणाची. आमचा ऑर्केस्ट्रा बसला होता. बेस आता कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात गेला होता, उरलेलं ऑक्टोपॅड करत होतं, आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीपुढे तर आम्ही भजनी मंडळच. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, हे सन 2000च्या नियमात लिहिलेलं आहे. आमचा ऑर्केस्ट्रा ती मर्यादा मोठ्या निष्ठेने पाळायचा, कारण त्याहून मोठा आवाज आमच्याकडे नव्हताच.

गिटारीत एक खोट होती. एका खंडेनवमीला वाद्यपूजा करताना मी उदबत्ती खुंट्यांच्या मधे खोचली होती आणि आरतीच्या नादात विसरलो. माथ्यावर अर्धचंद्रासारखा डाग पडला. मी तो बूट पॉलिशने झाकायला निघालो, तर बापूंनी हात धरला. ‘खोट लपवायची नसते मास्तर. तिला नाव द्यायचं असतं.’ मग तारा काढून वहिनींच्या कुकरमध्ये अर्धा तास उकळल्या. जुन्या तारांतला घाम आणि मळ निघून आवाज परत खणखणीत होतो, पण आठेक दिवसच. ‘व्यवहार चार दिवसांत उरकतोय,’ बापू म्हणाले. ‘आणि आमटीला महिनाभर लोखंडाचा वास येतोय, त्याचं काय?’ वहिनी आतून म्हणाल्या.

गिऱ्हाईक सांगलीचं. गिटार माझ्या पाठीला आणि पंधरा इंची स्पीकरचा अँप आम्हा दोघांच्या मधे, असे एस.टी.त चढलो. कंडक्टरने अँपकडे बघून विचारलं, ‘तिजोरी कुणाची?’ आणि लगेजचं तिकीट फाडलं. कऱ्हाडला वडापाव, पेठ नाक्यावर उसाचा रस, आष्ट्याला बापूंची एक डुलकी. सांगली ही नाटकवाल्यांची पंढरी, 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच उभं केलं, आणि व्यवहाराच्या वेळी बापूंनी जे उभं केलं तेही काही कमी नव्हतं.

घेणारा एका बेंजो पार्टीचा मालक होता. डागावर त्याचं बोट गेलंच. ‘हे काय लगा?’

बापूंनी आवाज खाली आणला. ‘भोवरा आहे.’

‘गिटारीला भोवरा?’

‘खंडेनवमीचा. देवापुढं पडलेला. असली गिटार जोतिबाच्या यात्रेत वाजवायला न्या, आणि मग मला फोन करा.’

पुढचं सगळं गिटारीच्या पिशवीखाली झालं. मालकाचा हात, बापूंचा हात, वर हळदीच्या दराची चर्चा. बापूंच्या दुसऱ्या हाताने माझ्या गुडघ्यावर सात टिचक्या मारल्या. सात हजार. मी मान हलवेपर्यंत पाचशेचा इसार त्यांच्या मुठीत आला होता. अँप मात्र त्यांनी विकू दिला नाही. ‘तो राहू दे. अँप असला की माणूस परत गिटार घेतोच.’

येताना बापू वाट वाकडी करून मिरजेला नेतात, हा नेम. तंतुवाद्यांच्या गल्लीत भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत बसलेले. कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, परत ऐकायचं. खर्जाची तार लागली तेव्हा खोलीतली भांडी गुणगुणल्यासारखी वाटली. बापू त्यांच्यापुढे एक शब्द बोलत नाहीत. त्या दिवशी निघताना मात्र न राहवून त्यांनी विचारलं, ‘हा केवढ्याला जाईल?’ कारागीर वर न बघता म्हणाले, ‘आधी बोलू तर द्या त्याला.’ बापू स्टेशनपर्यंत गप्प होते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी पेपर घेऊन त्यांच्याकडे धावलो. ते म्हणाले, ‘वाचलं. आता जुन्यांचा भाव चढणार.’

तीन वर्षं माझा अँप कोपऱ्यात टेबलाचं काम करत होता. वर फोन, फोनखाली क्रोशाचा रुमाल. मग बोटं शिवशिवायला लागली. अँप असला की माणूस परत गिटार घेतोच. बापूंना सांगितलं. भाद्रपद होता. पितृपक्षाच्या दुसऱ्याच दिवशी ते पाठीला पिशवी लावून दारात हजर.

‘हिरा आणलाय मास्तर. चार हात फिरलाय, पण दांडी बघा.’

पांढरीशुभ्र गिटार, माथ्यावर वाघाचं स्टिकर. मी एक डोळा मिटून दांडी बघितली. चेअरमनचं कार्ड सरकवलं, जेमतेम सरकलं. पडदे चाचपले, सहा दाती. बापूंचेच चार सूर त्याच क्रमाने वाजवले. खोल, गोड खर्ज. एवढी मनाजोगी गिटार मी आयुष्यात हातात धरली नव्हती. रुमाल नव्हता, म्हणून क्रोशाचा ओढला आणि त्याखाली बोटं दाबली. अकरा हजार.

बायको चहा घेऊन आली. गिटारीकडे बघितलं आणि ट्रे ठेवत म्हणाली, ‘अगं बाई, आली का परत?’

मी वाघाच्या कानापाशी नख घातलं. खाली पांढरा रंग, आणि रंगातून वर आलेला अर्धचंद्र.

‘बापू, ही तर माझीच!’

‘मग?’ बापू चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. ‘म्हणून तर छातीठोक सांगितलं. मालक माहितीतला आहे.’

‘सातला विकली होती आपण!’

‘तेव्हा ती चार दाती होती. मधे चार जणांनी वाजवून वाजवून लाकूड मुरवलंय. माणशी हजार धरा.’

हिशोब बरोबर होता. चार हजार. शाळेत मी गणितच शिकवतो.

त्या खंडेनवमीला उदबत्ती पाटाच्या दुसऱ्या टोकाला लावली. वर्षभर रोज संध्याकाळी वाजवली, भिंतीवरची घड्याळं थरथरवली, शेजाऱ्यांचा एक निरोपही आला. परवा श्रावण लागला आणि बापूंचा फोन आला.

‘मास्तर, विट्याचं गिऱ्हाईक आहे. घाई नाही. आपलं सहज विचारलं.’

मी गिटारीकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

‘छे हो बापू,’ मी म्हणालो. आणि रिसीव्हरवर हात ठेवून, आवाज खाली आणून विचारलं, ‘किती म्हणतोय?’