काचेच्या काठीची किंमत

शेतीची वाटणी करायला तलाठी आहे, दागिन्यांची करायला सोनार. पण माणूस मागे मासे धरायच्या दोन विलायती काठ्या ठेवून गेला, तर त्यांचं मोल कोणाला विचारायचं याची सोय अर्जुनी मोरगाव तालुक्यात नाही. काकांनी या काठ्या कामठीच्या छावणीतून बदलून जाणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या सामानातून उचलल्या होत्या, असं काकू सांगतात. ‘उचलल्या’ म्हणजे विकत घेतल्या. किती रुपयांना, ते त्यांनी काकूंना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यामुळे काकूंच्या मनात ती रक्कम दरवर्षी वाढत गेली.

एका काठीवर कंपनीचं नाव आहे शेक्सपिअर. झाडीपट्टीतल्या घरात असं नाव सापडलं की सगळ्यांना एकच शंका येते, आणि ती आलीच. शेजारच्या मुलानं विचारलं, “काकाजी नाटकात होते का?” दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालणाऱ्या मुलखात हा प्रश्न अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण हे शेक्सपिअर अमेरिकेतले, आणि त्यांचा धंदा मासेमारीच्या सामानाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थर हॉवल्ड नावाच्या गृहस्थानं वेळूच्या काठीऐवजी काचेचे तंतू राळेत बसवून काठी करून पाहिली. युद्धानंतर या कंपनीनं त्याच रीतीच्या काठ्या ‘वंडरॉड’ म्हणून बाजारात आणल्या. तंतू उभे लावायचे, वरून सेलोफेनची पट्टी गुंडाळायची आणि भट्टीत भाजायचं. पट्टी निघून जाते, तिच्या मळसूत्री वळ्या मात्र काठीच्या अंगावर राहतात. आमच्या पांढुरक्या काठीवर त्या बोटाला लागतात. म्हणजे माल अस्सल.

काचेला खरा हात दिला तो राजकारणानं. उत्तम काठीसाठी लागणारा वेळू चीनमधून यायचा. 1950 मध्ये अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि वेळू दुर्मीळ झाला. पुढची वीसेक वर्षं काचेची. 1973 च्या सुमारास कार्बनच्या काठ्या आल्या आणि काचेच्या माळ्यावर गेल्या. आमच्याकडच्या तर तिथंच होत्या.

यातली गंमत वेगळीच आहे. चिनी वेळूच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेतले कारागीर बांबू चिरून काठ्या बनवायचे तेव्हा तो बांबू हिंदुस्थानातून जायचा. कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून ‘कलकत्ता’ म्हणत. जात कोणती? आमच्या नवेगावच्या जंगलात उभा असतो तोच मानवेल. म्हणजे ज्या वस्तूची स्वस्त नक्कल म्हणून काच जन्माला आली, तिची आजी आमच्या घरामागे उभी आहे आणि बुरूड तिची टोपली विणतो आहे.

आता पारख. पहिली तपासणी फुटपट्टीची. काठीचे दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे हवेत. वरचा दोन-तीन इंच आखूड असेल तर टोक कधीतरी मोडलं आणि कोणीतरी गुपचूप नवी कडी बसवली, असं समजायचं. मग कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवायचा. धागा अडकला तर दोरीनं कडीला चरा पाडलाय. मग सांधा: नीट बसतो का, सोडवताना ‘पक्’ असा आवाज येतो का. मग दांड्यावर शाईनं लिहिलेली अक्षरं. दोरीचं माप इंग्रजी अक्षरांत असेल तर काठी जुनी. 1961 मध्ये अमेरिकेत मापाचे आकडे ठरले, त्यानंतरच्या काठ्यांवर आकडा असतो. बुचाची मूठ झिजलेली असली तरी घासायची नाही, नवं वार्निश तर मुळीच लावायचं नाही. हौशी गिऱ्हाईक जुन्या मळाचेही पैसे देतं. हे ऐकून काकूंनी हातातलं ओलं फडकं खाली ठेवलं. त्यांच्या संसारात मळाला किंमत आल्याचा हा पहिलाच प्रसंग.

राहिली चाल. ती टेबलावर कळत नाही, म्हणून आम्ही काठी घेऊन नवेगावच्या तलावाच्या पारीवर गेलो. गळ लावला नव्हता, दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा. मासेमारीचा हक्क ढिवरांच्या सोसायटीचा, आपण तिथं पाहुणे. पिसांची नकली माशी लावून मासे धरायच्या या प्रकारात आमिषाला वजनच नसतं, वजन दोरीचं. ती आसुडासारखी आधी मागे फेकावी लागते, मागे सरळ झाली की पुढे. आता कोलू पाटील कोहळ्यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरांमधल्या खिंडी अडवून हा बांध घातला, तेव्हा मागे दोरी फेकायला मोकळी जागा ठेवावी असं काही त्याच्या मनात आलेलं दिसत नाही. मागे झाडं आहेत. पुढच्या पाण्यापेक्षा मागच्या फांदीलाच दोरी जास्त लागते. तरीही कार्बनवाले जिला मंद म्हणून हसतात ती काचेची चाल हाताला लागलीच: काठी टोकापासून मुठीपर्यंत सावकाश वाकते आणि तितक्याच सावकाश परत येते. विदर्भातल्या दुपारी याहून जास्त घाई शोभतही नाही.

एक म्हातारा ढिवर बराच वेळ बघत होता. त्यानं काठी हातात घेतली, टोकाकडून वाकवली, डोळ्याजवळ नेऊन सरळ आहे का पाहिलं. आमची सगळी पारख त्यानं एका मिनिटात उरकली. मग विचारलं, “का जी, यानं मासोळ्या किती मारल्या?”

हा रकाना आमच्या पारखेत नव्हता. काठी ट्राउटसाठी बनलेली, आणि ट्राउट थंड पाण्याचा मासा. इंग्रजांनी काश्मीरला नेला, निलगिरीला नेला, नवेगावला नाही. इथं मरळ. तो बेडकावर झडप घालतो, पिसांच्या माशीला किती भुलेल ते तोच जाणे. अशी माहिती मिळण्याचं ठिकाण इथं एकेकाळी होतं: माधवराव पाटील डोंगरवार. सोलापूरचे मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून आले, ते या माणसाच्या मागे पक्षी आणि मासे शिकत फिरले. चितमपल्लींना 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. माधवरावांकडचं ज्ञान नात्यागोत्याबाहेरच्या माणसाला मिळालं. त्याला ना फेरफार लागला, ना स्टँपपेपर.

घरी येऊन काकूंना भाव सांगितला. या काठ्या कारखान्यांत ढिगानं निघाल्या, म्हणून दाम बेताचंच. मूळ कापडी पिशवी आणि नळी असेल तर थोडं वर. नळी होती. तिच्यात काकांच्या निधनापासून शेतीचे नकाशे ठेवलेत, ते काढायला काकू तयार नाहीत. आकडा ऐकून त्यांनी मनातल्या रकमेशी ताडून पाहिला आणि काकांना उद्देशून एकदा काहीतरी पुटपुटल्या. मग निकाल दिला, “विकायच्या नाहीत. चार तुकडे आहेत ना? खाटेचे कोपरेही चारच. मच्छरदाणीला होतील.”