पैसे भरून कसबा

अहो वहिनी, कढीपत्ता सावकाश तोडा, झाड कुठं पळत नाही. आम्ही सासू-सुना रविवारी सकाळी सकाळी कुठं गेलो होतो ते आधी ऐका. हेरिटेज वॉकला! आणि कुठं, तर कसबा पेठेत. हसा, हसा. ज्या गल्ल्यांत मी परकर सावरत लगोरी खेळले, त्याच गल्ल्या बघायला सूनबाईंनी माझे पैसे भरले. वर मला म्हणते, "आई, सपाट चपला घाला, चालायचंय." जसं काही मी कसब्यात पालखीतूनच हिंडत होते.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जमायचं होतं. पंचवीसेक माणसं असतील. निम्म्यांच्या गळ्यात कॅमेरे, दोन-चार आयटीतली पोरं, एक बाई पार बंगळुरूहून आलेल्या. आणि एक आपले पुणेरी गृहस्थ, गाइडनं तोंड उघडायच्या आत दुरुस्तीला तयार. गाइड म्हणजे आर्किटेक्चर शिकणारी चुणचुणीत पोरगी हो. तिनं सांगितलं, थोरल्या बाजीरावांनी 10 जानेवारी 1730 ला पाया घातला, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत, खर्च 16,110 रुपये. झालं! गृहस्थ पुढं सरसावले, "तटबुरूज नंतरचे, हेही सांगा." बरोबर होतं त्यांचं, तेच तर दुखणं! अशा माणसाला कुणी गप्पही बसवू शकत नाही.

नाही, आत वाडा नाहीच. 1828 साली आग लागली त्यात सगळं लाकूडकाम गेलं. आता जोती, तट आणि हिरवळ. तरी माणसं आत शिरल्या शिरल्या काय विचारतात? "काका मला वाचवा कुठं ऐकू येतं?" अहो, नारायणरावांचा खून झाला 30 ऑगस्ट 1773 ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी. पोर जेमतेम अठरा वर्षांचं. आणि हाक मात्र म्हणे रात्रीच येते! आमचं अख्खं बालपण वाड्यापासून हाकेच्या अंतरावर गेलं, रात्री ऐकू यायची ती शेजारच्या काकांची घोरणी. पण पोरीनं अर्धा तास त्या भुतावर घालवला. तिचाही इलाज नाही, लोकांना तेच हवं असतं.

खरं सांगण्यासारखं होतं ते तिनं दोन वाक्यांत उरकलं, याचा मला राग आला. पाणी हो, पाणी! त्या वाड्यातलं हजारी कारंजं कशावर उडत होतं? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालून नळ काढला तो थेट शहरात. कात्रज इथून नऊ-दहा किलोमीटर तरी असेल. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार साधून पाणी आणलं. आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा मोठा नळ. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधलेले. आणि ते पाणी काय एकट्या वाड्याला होतं? पेठापेठांत हौद होते, काळा हौद, सदाशिव हौद, नाना हौद, बदामी हौद. आपण आजही "फडके हौदापाशी भेटू" म्हणतो आणि हौद आठवतही नाही कुणाला. आणि आपल्या सोसायटीत बघा, टँकर उशिरा आला की सेक्रेटरींचा फोन लागत नाही.

तिथून लाल महाल. आता हे मात्र पोरीनं छान सांगितलं, की समोर दिसतो तो महाल शिवाजी महाराजांच्या बालपणीचा नव्हे, तो महापालिकेनं 1980 च्या दशकात बांधलेला. मूळ महाल केव्हाच गेला. शायिस्तेखानाची बोटं तुटली ती 5 एप्रिल 1663 ची रात्र मूळ महालातली. दोघंतिघं हिरमुसलेच. मी म्हटलं, अहो, वास्तू नवी असेल, गोष्ट घडली ती इथेच ना!

कसबा गणपतीला मी सगळ्यांच्या पुढं. जिजाऊंच्या काळापासूनचं ग्रामदैवत, विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान याचा. पोरगी माहिती सांगत होती, मी आपली पुजाऱ्यांशी गप्पा मारत होते. ते मला ओळखतात हे बघून सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला! तिथून पुढं माझी किंमत एकदम वाढली. बंगळुरूच्या बाई तर गाइडला सोडून माझ्याच शेजारून चालायला लागल्या.

आणि मग तांबट आळी. वहिनी, तुम्हाला नागपूरच्या महालातल्या गल्ल्या आठवतात ना, तसंच, दुकान खाली आणि घर वर. आवाज आधी येतो, आळी नंतर. ठक ठक ठक, एका लयीत. पेशवाईपासून ही तांबट घराणी इथं आहेत. पूर्वी हंडे, घागरी, घंगाळं, आंघोळीच्या पाण्याचे बंब. आमच्या घरचा बंबही इथलाच. तांब्यावर हातोडीनं एकसारखे ठोके मारत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं नुसती नक्षी होत नाही, पत्रा कडक होतो. आता बंब कोण घेतंय? दिवे, पाण्याच्या बाटल्या, हॉटेलांची ताटं-वाट्या यांवर चालतं. हात तेच, गिऱ्हाईक बदललं. पण आमच्यातल्या पंचविसांपैकी वीसजण काय करत होते? त्या कारागिराच्या तोंडासमोर मोबाइल! एकानं तर "पुन्हा एकदा ठोका ना" म्हणून सांगितलं. तो बिचारा ठोकतही होता. विकत कुणी घेतलं नाही. मी घेतला एक तांब्या. हा बघा.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक आजोबा कडाडले, "इथं माणसं राहतात, प्राणिसंग्रहालय नाही!" सगळे चूप. मी खालूनच माझं माहेरचं आडनाव सांगितलं, तर तेच आजोबा जिना उतरून खाली आले आणि सुरू झाले ते थांबेनात. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं त्या दिवशीचं पाणी, कुठं कुठं चढलं, कोण कुणाच्या माडीवर जाऊन बसलं, मागाहून नळ कोरडे पडले तेव्हा कुठले आड उपसले. गाइड पोरगी वही काढून लिहून घेत होती. एवढ्या वॉकमध्ये माझ्या मते तेवढीच दहा मिनिटं पैसे वसूल. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनीही एक शब्द काढला नाही, म्हणजे बघा.

वाडे? वाड्यांचं काही विचारू नका. भाऊबंदकी, जुने भाडेकरू आणि मोडलेला जिना. शेवटी बिल्डर. आमच्या वाड्याच्या जागी आता पार्किंगवर पाच मजले आहेत. चौकातली तुळस कुठं गेली देव जाणे.

शेवट नागझरीपलीकडे, सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीला. गेला आहात का कधी? मग तुम्ही पुणं पाहिलंच नाही. काळ्या पाषाणाचं सगळं मंदिर, भीमगिरजी गोसावींनी 1754 ला सुरू केलं, 1770 ला मूर्तीची स्थापना झाली. तीन सोंडांचा गणपती, उंदरावर नव्हे, मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर मात्र नीट बघा. इंग्रज शिपाई गेंड्याला साखळदंडानं बांधतायत! पुण्यात गेंडा कुठला हो? काम चालू असतानाच तिकडं बंगालमध्ये 1757 ला प्लासी झाली, 1764 ला बक्सर. जाणकार म्हणतात, गेंडा म्हणजे इंग्रजांनी जिंकलेला पूर्वेचा मुलूख. इथल्या पाथरवटाला कळलं होतं वारं कुठून येतंय ते, आणि वाड्यावर युनियन जॅक चढला 1817 ला. हे ऐकून आयटीतली पोरं पहिल्यांदा मोबाइल खिशात घालून उभी राहिली.

एकूण काय, जाऊन या. भुताच्या गोष्टीला अर्ध्या कानानं बसा, हौदांचं खोदून खोदून विचारा आणि तांबट आळीत काहीतरी विकत घ्या, फुकट फोटो काढू नका. गाडी अजिबात नेऊ नका, लावायला जागा नाही. आता मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन झालंय. आणि पुढच्या वेळी पैसे भरू नका, मी नेते तुम्हाला. फक्त चहा तुमच्याकडून.