पंचवीस टक्क्यांचा मुहूर्त
कारखानदारीचा वाटा २०२२ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर न्यायचा आणि दहा कोटी रोजगार द्यायचे, असं २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणात लिहिलं होतं. सरकार बदललं. २०१४ च्या सप्टेंबरात ‘मेक इन इंडिया’चा दातेरी चक्रांचा सिंह आला, पण २५ चा आकडा तोच राहिला. आधीच्यांची एवढी एक ठेव नव्यांनी विनातक्रार जपली. पुढे मुदत २०२५ वर गेली. वाटा मात्र, कसा मोजता त्यानुसार, तेरा ते सतरा टक्क्यांतच घुटमळत राहिला.

२०२० मध्ये उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन आलं: चौदा क्षेत्रं, जवळपास दोन लाख कोटी रुपये. मोबाइलची जुळणी वाढली, हे मान्यच करायला हवं. मग २०२५ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय उत्पादन अभियान. धोरण, योजना, अभियान... नावांच्या उत्पादनात आपण केव्हाच स्वयंपूर्ण झालो. त्याला चीनहून सुटे भागही मागवावे लागत नाहीत.

चाकणच्या वाहतूक कोंडीत मालाचा टेम्पो अडकलेल्या लघुउद्योजकाला नव्या अभियानाबद्दल विचारून पाहा. तो आधी विचारेल, पुढचा चौक मोकळा आहे का?