गुडघ्यापुढची जागा

फियाटवाले काका तुमच्याही गावात असतील. नसतील तर गाव नवीन असणार. एरवी ही मंडळी कार्बोरेटर, प्लग आणि पॉलिश यांवर बोलतात. आमचे बोईसरचे काका फक्त सीटवर बोलतात. गाडी प्रीमियर पद्मिनी, रंग मूळचा पांढरा, ध्यास एकच: मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे चार बोटं जागा सुटली पाहिजे.

चार बोटं म्हणजे अक्षरशः चार बोटं. तुम्ही मागे टेकलात की काका पुढून वळतात, तुमचा गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये पंजा सरकवतात आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटतात. “तीन. सव्वातीन म्हण.” ओळख असलीच पाहिजे असं नाही. सत्यनारायणाला आणलेल्या भटजींचाही गुडघा त्यांनी मोजला आहे. भटजी सोवळ्यात होते.

माझी उंची सहा फूट एक इंच. त्यात माझा काही दोष नाही, पण त्यामुळे मी काकांचं हक्काचं गिऱ्हाईक झालो. रविवारी सकाळी हाक येते, “अरे, जरा येऊन बसून जा.” लोक चहाला बोलावतात, काका बसायला बोलावतात. चहा मिळतो, पण गाडीत, आणि गुडघा हलवायचा नाही या अटीवर.

मूळ अडचण अशी की या गाडीला पुढे अखंड बाकडं होतं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढे तिघं दाटीवाटीने मावत. बाकडं रुळांवर सरके, पण सरके ते सगळंच्या सगळं. मागच्यासाठी पुढे घेतलं की स्टिअरिंग काकांच्या पोटात. मागे घेतलं की पाच फुटी काकांचा पाय क्लचला पोचेना आणि माझे गुडघे माझ्या हनुवटीला. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमध्ये अंतर 2340 मिलिमीटर. फियाटच्या इटालियन इंजिनिअरांनी ते ठरवलं, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने वर्षानुवर्षं पाळलं. काकांना ते मंजूर नाही.

तारापूर एमआयडीसीत लेथ आणि वेल्डिंगवाल्यांना तोटा नाही, आणि काकांचं काम तिथे ओळखीवर होतं. आधी रूळ उखडून पत्र्याला नवी भोकं पाडली. मग रुळाखाली पुढून वॉशर घालून सीट कलती केली. त्या महिन्यात काका आभाळ बघत गाडी चालवायचे. मग बाकड्याच्या पाठीतला काथ्या खरवडून मागून गुडघ्यांसाठी दोन खळगे केले. खळगे माझ्या मापाचे. दुसरं कुणी बसलं की त्याचे गुडघे भलतीकडे, आणि काका त्याच्यावरच नाराज.

2023च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली. लोक हळहळले, फोटो काढले. काका म्हणाले, “म्हणजे सीटा मोकळ्या झाल्या!” आणि कुर्ल्याचं भंगार गाठलं. तिथून पद्मिनीच्याच नंतरच्या मॉडेलच्या दोन सुट्या सीटा घेऊन लोकलच्या मालडब्यातून परतले. आता काकू एकीकडे, काका दुसरीकडे, ज्याने त्याने आपापलं सरकावं. काकूंची सीट अर्थातच काकाच सरकवतात.

हा नाद गाडीपुरता राहिला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. शेजाऱ्याने नवी टोलेजंग गाडी घेतली, पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला, मागे बसून पंजा घातला. “वीस लाख दिलेस आणि तीन बोटं?” शेजारी त्यानंतर आठवडाभर बोलला नाही. बेटेगावला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय; आम्ही सगळे तिथे जमिनीचा भाव विचारायला जातो. काकांनी सुपरवायझरला गाठून विचारलं, “गुडघ्यापुढे किती सुटणार?”

काकांची सगळी नोकरी मुंबईत, घर बोईसरला. डहाणूपर्यंत लोकल आली 2013च्या एप्रिलात, तोवर हे निवृत्त झालेले. त्यांच्या वाट्याला शटल, आणि शटलमध्ये चौथी सीट. अर्धी मांडी बाकावर, अर्धी हवेत, “दादा, जरा सरका” म्हणायचं आणि कुणी सरकायचं नाही. “विरार येईपर्यंत कुणाचा तरी गुडघा माझ्या गुडघ्यात असायचाच,” असं ते एकदाच बोलले, वॉशर घासता घासता. मी त्या दिवशी चहा संपल्यावरही थोडा वेळ बसून राहिलो. तेवढंच.

मग माझ्या मेव्हण्याचा पाय मोडला. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पालघरहून बोईसरला आणायचा. “भंगारात किती येतील हिचे?” असं पद्मिनीकडे बघून म्हणणारा हाच तो मेव्हणा. रिक्षात पाय बाहेर राहत होता; त्याच्या स्वतःच्या गाडीत पाय आत आला तर मेव्हणा बाहेर. काकांनी पाना घेतला, डावीकडची सीट उपटून ओट्यावर ठेवली आणि निघाले. मेव्हणा मागे, पाय सरळ डॅशबोर्डपर्यंत. उमरोळीचे खड्डे त्याने एकही शिवी न देता पार केले. काकांनी सवयीने हात मागे नेला, पण मोजायला पुढे काही नव्हतंच.

एवढी जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. सीट परत बसवायला मन होईना. काकू मागे बसून बाजाराला जाऊ लागल्या. एके संध्याकाळी स्टेशनबाहेर एकाने दार उघडलं, पिशवी आत टाकली, काकूंशेजारी बसला आणि म्हणाला, “चित्रालय.” काकू सरकल्या. काकांनी वळून आधी त्याचा गुडघा पाहिला, मग गाडी सुरू केली. चित्रालयला सोडलं, पैसे घेतले नाहीत. काकू म्हणतात, पेट्रोलपुरते तरी घ्यायला हवे होते.